उद्याचे तिकीट आणि उद्याचा मालक

दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब आग्रा पाहून यावे, असा बेत आमच्या घरी ऑगस्ट महिन्यातच ठरला. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेस थेट आग्रा कँटला जाते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे; १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे. सुट्टीच्या दिवसांत जागा पाहता पाहता संपतात, म्हणून साठावा दिवस उजाडताच सकाळी आठच्या ठोक्याला कन्या मोबाईल घेऊन बसली आणि सात जणांच्या जागा तिने निश्चित केल्या.

त्याच रात्री इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर मी ही गोष्ट आनंदाने सांगितली. तेथे बसलेले एक बुजुर्ग हसून म्हणाले, "बेटा, दोन महिन्यांनंतरची जागा आज धरून ठेवलीस? उद्याची फजर मिळेल याची तरी खात्री आहे काय? श्रद्धावंताने आपली कामे अल्लाहवर सोपवावीत." मी "खरे आहे, चाचा," एवढेच बोललो, परंतु तो प्रश्न घरी माझ्याबरोबर आला. पुढील दोन महिन्यांत जे घडले त्यामुळे तो अधिकच खोल गेला. भविष्यावर आज हक्क सांगणे हे अल्लाहवरील विश्वासाशी सुसंगत आहे काय? आणि सुसंगत असेल, तर त्या हक्काच्या मर्यादा कोणत्या?

तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे इस्लामने प्रारंभीच स्पष्ट केले आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्या माणसाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले. तिर्मिजीतील ही हदीस आपल्या घराघरांत माहीत आहे. तिच्याइतकीच बोधप्रद, पण कमी ऐकली जाणारी दुसरी गोष्ट बुखारीत आहे. यमनमधील काही लोक हजला निघताना शिदोरी घेत नसत, स्वतःला तवक्कुल करणारे म्हणवीत आणि मक्केत पोहोचल्यावर लोकांपुढे हात पसरीत. सूरह बकराच्या १९७ व्या आयतीत शिदोरी बरोबर घेण्याची आज्ञा झाली आणि सर्वोत्तम शिदोरी तक्वा असल्याचे सांगितले गेले, ते याच संदर्भात, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) सांगतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या यमनी यात्रेकरूंनी आपला भार अल्लाहवर टाकला असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो त्यांनी इतर माणसांवर टाकला होता. जो घरून निघताना विचार करीत नाही, त्याच्यासाठी वाटेत दुसऱ्या कोणाला तरी विचार करावा लागतो. आपल्या बेफिकिरीला तवक्कुलचे नाव देणे ही धर्माची सेवा नव्हे.

आणि हिजरतचा प्रवास! मानवी इतिहासातील त्या महान प्रवासाची पूर्वतयारी पाहिली म्हणजे मन थक्क होते. हजरत अबू बकर (रजि.) यांनी दोन सांडण्या चार महिने घरी चारा घालून तयार ठेवल्या होत्या. वाट दाखविण्यासाठी अब्दुल्लाह बिन उरैकित या जाणकार वाटाड्याला मोबदला ठरवून नेमले होते. तो कुरैशांच्याच धर्माचा होता, पण विश्वासू होता. तीन रात्रींनंतर सौर पर्वताच्या गुहेपाशी सांडण्या घेऊन येण्याचा वायदा त्याच्याशी झाला होता. दिवसभराची बातमी रात्री कोणी आणायची, शेळ्यांचे दूध कोणी पोहोचवायचे, शिदोरी कोणी बांधायची, हे सारे नेमून दिलेले होते. हजरत अस्मा (रजि.) यांनी आपला कमरपट्टा फाडून त्या शिदोरीचे तोंड बांधले. आणि एवढी तयारी झाल्यानंतर, शत्रू गुहेच्या तोंडाशी उभा असताना, प्रेषित (स.) आपल्या सोबत्याला धीर देतात की दुःख करू नकोस, अल्लाह आपल्याबरोबर आहे. नियोजनात कसूर नाही आणि नियोजनावर भिस्तही नाही. तदबीर आणि तवक्कुल यांचे नाते याहून स्पष्ट कोठे पाहावयास मिळणार?

याच प्रसंगातील आणखी एक बारकावा आहे. हजरत अबू बकर (रजि.) यांनी त्या सांडण्यांपैकी एक प्रेषित (स.) यांना देऊ केली, तेव्हा आपण ती किंमत देऊनच घेतली. जिवावरचे संकट असताना, जिवलग मित्राकडूनही, व्यवहार चोख ठेवला गेला. तेव्हा चाचांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे की पुढचा विचार करणे ही सुन्नत आहे. उरलेले अर्धे उत्तर मात्र अधिक कठीण आहे, कारण ते आपल्या वर्तनाकडे बोट दाखविते.

सूरह कहफच्या २३ व २४ व्या आयतींत प्रेषितांना ताकीद आहे की अमुक गोष्ट मी उद्या करीन असे, अल्लाहची इच्छा असेल तर हे जोडल्याशिवाय म्हणू नये. सूरह लुकमानची शेवटची आयत सांगते की उद्या आपण काय कमावणार आणि कोणत्या भूमीत मरणार, हे कोणत्याही जिवाला ठाऊक नाही. 'इन्शा अल्लाह' म्हणजे या ज्ञानाची कबुली होय. उद्या माझ्या मालकीचा नाही, तो मला वापरण्यासाठी मिळाला तर मिळेल, ही ती कबुली. दुर्दैवाने आपल्या समाजात या पवित्र शब्दांचा उपयोग उलट होऊ लागला आहे. ज्याला यायचे नसते तो "इन्शा अल्लाह येईन" म्हणतो आणि ऐकणाराही समजून जातो की हा येणार नाही. जे शब्द वचन अधिक गंभीर करण्यासाठी शिकविले गेले, तेच आम्ही वचनातून निसटण्याची पळवाट केले.

उद्या माझा नाही हे ज्याने मनापासून मान्य केले, त्याच्या आरक्षणाची रीतही बदलली पाहिजे. ती कशी, हे मला माझ्याच चुकांनी शिकविले.

पहिली चूक वहीत झाली. कन्या खर्चाचा अंदाज मांडीत होती. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या वास्तूंमध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश निःशुल्क असतो. ताजमहालाचे भारतीयांसाठीचे तिकीट पन्नास रुपये, आणि मुख्य मकबऱ्यात जायचे असल्यास वर दोनशे. माझ्या मुलाला सोळा पूर्ण झाली आहेत, पण अंगाने तो किरकोळ आहे. मी सहज बोलून गेलो, "याचे चौदाच लिही, कोण विचारतो?" मुलगा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "अब्बा, मला सोळा पूर्ण झाली आहेत." त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता, आश्चर्य होते. त्या आश्चर्याने मला जितके लाजविले तितके कोणाच्या रागावण्याने लाजविले नसते.

अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे. एका मातेने आपल्या लहान मुलाला, ये, तुला काही देते, असे म्हणून बोलाविले. प्रेषित (स.) यांनी विचारले की तुम्ही त्याला काय देणार होता? तिने खजूर देणार असल्याचे सांगितले. तेव्हा प्रेषित (स.) यांनी बजाविले की काही दिले नसते तर तुमच्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. बालकाला दिलेल्या एका खजुराच्या आश्वासनाचा हिशेब असेल, तर बालकाच्या देखत, बालकाच्याच वयाविषयी सांगितलेल्या असत्याचा हिशेब कसा नसेल? आम्ही मुलांना वास्तुकला दाखवायला निघालो होतो आणि दारातच त्यांना हे शिकवीत होतो की पन्नास रुपयांत सत्य विकता येते.

दुसरी चूक अधिक झाकलेली होती, कारण तीत कोणतेही असत्य नव्हते. धाकट्या भावाची रजा मंजूर व्हायची होती. म्हणून त्याने लागोपाठच्या दोन दिवसांच्या गाडीत सात-सात जागा धरून ठेवल्या होत्या. जी तारीख सोयीची पडेल ती ठेवायची, दुसरी रद्द करायची. राहण्यासाठीही दोन ठिकाणी खोल्या सांगून ठेवल्या होत्या. एका ठिकाणी आगाऊ रक्कम भरली होती. दुसऱ्या ठिकाणी ठराविक दिवसापर्यंत रद्द केल्यास काही कापले जात नव्हते. पैसे आमचे, नियमात बसणारे, मग आक्षेप कशाला?

परंतु विचार केला तर त्या चौदा जागांपैकी सात जागा निश्चितपणे रिकाम्या राहणार होत्या आणि हे आम्हाला ठाऊक होते. ज्यांना त्याच दिवशी जावयाचे होते, त्यांची नावे आमच्यामुळे प्रतीक्षा यादीत ढकलली गेली होती. त्यांत परीक्षेला निघालेला विद्यार्थी असेल, इस्पितळात जाणारा रुग्ण असेल, बापाच्या जनाज्याला पोहोचू पाहणारी मुलगी असेल. ज्यांनी आरएसीवर प्रवास केला आहे त्यांना माहीत आहे की बाजूच्या खालच्या एकाच बर्थवर दोन अनोळखी माणसांना रात्र बसून काढावी लागते. आम्ही घरी निवांत झोपलेलो असताना आमच्या सोयीची किंमत अशी कोणी तरी दुसरा चुकविणार होता. तो आम्हाला कधीही दिसणार नव्हता, म्हणून आम्हाला काही वाटतही नव्हते.

फिकहच्या दृष्टीने याचा निर्णय काय, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तो विद्वानांचा आहे. पण सदसद्विवेकाचा प्रश्न प्रत्येकाचा असतो. सूरह माइदाचा प्रारंभच करार पूर्ण करण्याच्या आज्ञेने होतो. आरक्षण हा एक करार आहे. आपण त्यात म्हणतो की मी येणार आहे, माझ्यासाठी दुसऱ्याला नकार द्या. येण्याचा हेतू नसताना हे म्हणणे कितपत योग्य? साठवणूक केवळ धान्याचीच होते असे नव्हे. जेथे जागा मोजक्या आणि गरजू अनेक, तेथे गरजेहून अधिक धरून ठेवणे ही त्याच वृत्तीची सावली आहे. आरक्षित जागा ही आपली मालमत्ता नसून काही काळासाठी हाती आलेली अमानत आहे. तिचा उपयोग करायचा नसेल तर ती लवकरात लवकर परत करणे हा तिचा हक्क आहे. भावाची रजा अजून ठरली नव्हती. तरी त्याच संध्याकाळी आम्ही एक तारीख निवडली व उरलेल्या जागा आणि दुसऱ्या ठिकाणच्या खोल्या सोडून दिल्या.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. तीन दिवसांत काय काय पाहायचे याचा तक्ता कन्येने मोठ्या हौसेने केला होता. त्यात ताजमहाल शुक्रवारी होता. मुलाच्या लक्षात आले की शुक्रवारी ताज पर्यटकांसाठी बंद असतो, केवळ तेथील मशिदीतील जुमाच्या नमाजसाठी उघडतो. चूक लगेच सुधारता आली. पण तक्ता पुन्हा पाहताना जाणवले की त्यात नमाजच्या वेळांना कोठेही जागा नव्हती आणि सत्तरी ओलांडलेल्या अम्मीच्या पायांनाही नव्हती. सकाळी ताज, दुपारी किल्ला, संध्याकाळी यमुनेपलीकडील मेहताब बाग! हा तक्ता तरुण पायांनी, तरुण पायांसाठी केला होता. प्रेषित (स.) प्रवासात काफिल्याच्या मागे राहत, थकलेल्या व दुर्बळ माणसाच्या जनावराला पुढे हाकीत आणि त्याला आपल्यामागे बसवून घेत. काफिल्याची गती सर्वांत दुबळ्या सोबत्यावरून ठरते, सर्वांत उत्साही सोबत्यावरून नव्हे. प्रवाशाला नमाजमध्ये कस्रची सवलत देणाऱ्या धर्माने सोबत्यांना सवलत देण्याचेही शिकविलेच आहे. आम्ही शुक्रवार मोकळा ठेवला. जुमा शहरातील जामा मशिदीत. ही मशीद शहाजहानने कन्या जहाँआरा हिच्या नावे बांधविली व १६४८ मध्ये ती पूर्ण झाली. आणि बाकी वेळ विश्रांती.

आता तक्ता निर्दोष झाला, असे वाटले. निघायला आठ दिवस उरले असताना अम्मी न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले.

खरी कसोटी आता होती. शस्त्रक्रिया ठरली. घरात दबक्या आवाजात बोलणी सुरू झाली. खोल्यांचे आगाऊ भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. तिकिटांचा परतावा गाडीची वेळ जवळ येते तसा घटत जातो. भाऊ म्हणाला, "दादा, एकाने थांबावे, बाकीच्यांनी जाऊन यावे. मुलांनी दोन महिने वाट पाहिली आहे." त्याचे बोलणे अगदीच अवाजवी नव्हते. अम्मी स्वतः म्हणाली, "तुम्ही जा, माझ्यासाठी थांबू नका." आई असेच म्हणते. पण आईने सोडलेला हक्क उचलून घेणे लेकरांना शोभते काय?

मला त्या रात्री स्पष्ट दिसले की ज्या बेताचे आम्ही मालक होतो, तो बेत आता आमचा मालक होऊ पाहत होता. पैसे गुंतले म्हणून जायचे, ठरले म्हणून जायचे. 'इन्शा अल्लाह' हे शब्द आम्ही साठ दिवस उच्चारीत होतो. अल्लाहची इच्छा आता वेगळी असल्याचे समोर दिसत असताना त्या शब्दांचा अर्थ मान्य करायला मन तयार नव्हते. त्या शब्दांची किंमत बेत पार पडतो तेव्हा कळत नाही, तो मोडतो तेव्हाच कळते.

हजरत उमर (रजि.) शामच्या दौऱ्यावर निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे महामारी असल्याचे कळले. सल्लामसलत करून त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की हे अल्लाहने ठरविलेल्यापासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांचे उत्तर असे होते की होय, आम्ही अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत. इतक्या मोठ्या शासकाने इतका मोठा दौरा अर्ध्या वाटेत सोडला आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. जाणे हीही तदबीर आणि परतणे हीही तदबीर; दोन्हींचा धनी एकच.

आम्ही त्याच रात्री तिकिटे रद्द केली. आणखी चार दिवस थांबलो असतो तर आमचे पैसे तर अधिक गेले असतेच, पण त्या सात जागा कोणा गरजूला वेळेवर कळल्याही नसत्या. मुले रडली. मी त्यांना समजावले नाही. दुःख वाटणे स्वाभाविक होते. दुसऱ्या दिवशी मुलगा आपण होऊन इस्पितळात आजीच्या उशाशी जाऊन बसला. आग्र्याच्या तीन दिवसांत तो जे शिकला असता त्याहून हे कमी नव्हते.

पुढच्या वर्षी जानेवारीत आम्ही आग्र्याला जाऊन आलो. अम्मी आता काठी घेऊन चालते, पण एवढा प्रवास तिला झेपणार नव्हता. फूफी तिच्याजवळ राहायला आल्या. वाटेत गाडी बऱ्हाणपुरावरून गेली. मुमताज महलचा मृत्यू १६३१ मध्ये याच गावी झाला. जिने इतका लांबचा प्रवास पतीबरोबर केला, तिला परतीचा प्रवास आपल्या पायांनी करता आला नाही. आणि ज्या शहाजहानने तिच्यासाठी ताजमहाल उभारला, त्याने आयुष्याची शेवटची वर्षे, १६५८ ते १६६६, आग्र्याच्या किल्ल्यात नजरकैदेत काढली. पृथ्वीवर संचार करून पूर्वीच्या लोकांचा शेवट पाहण्यास दिव्य कुरआन पुनःपुन्हा सांगतो. त्यातील हेतू किल्ल्याच्या त्या बुरुजातून दूरचा ताज पाहताना उमगतो.

शेवटच्या दिवशी फतेहपूर सिक्री पाहिली. अकबराने १५७१ च्या सुमारास ही राजधानी वसविण्यास घेतली. महाल, दिवाणखाने, मशीद, जलाशय, सर्व काही आखीव. आणि १५८५ मध्ये दरबार लाहोरला गेला. पाण्याची टंचाई, वायव्य सरहद्दीवरील मोहिमा अशी कारणे इतिहासकार सांगतात. एवढे नियोजन आणि मुक्काम जेमतेम पंधरा वर्षांचा! तेथील बुलंद दरवाजावर फारसी लेख आहे. हे जग एक पूल आहे, त्यावरून पार व्हावे, पण त्यावर घर बांधू नये, असा त्याचा आशय असून ते वचन हजरत ईसा (अ.) यांच्या नावे दिलेले आहे. त्याच्या प्रामाणिकतेचा प्रश्न वेगळा. पण एवढे मोठे शहर बांधणाऱ्याच्याच दरवाजावर ते कोरलेले आहे, हे पुरेसे बोलके आहे.

घरी परतल्यावर अम्मीने सर्व हकीकत मुलाकडून ऐकली. पुलाची गोष्ट ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पूल ओलांडून सगळे घरी आलात, हेच पुष्कळ."

सूरह हश्रच्या १८ व्या आयतीत प्रत्येक जिवाने उद्यासाठी काय पुढे पाठविले आहे ते पाहावे, असा आदेश आहे. तो उद्या परलोकाचा आहे. साठ दिवसांनंतरच्या एका बर्थसाठी आपण पहाटेपासून जागे राहतो. त्या उद्यासाठी आपली तयारी किती? तेथे वय खोटे सांगता येणार नाही, दुसऱ्याची अडविलेली जागा दडविता येणार नाही आणि तारीखही बदलून मिळणार नाही. म्हणून या जगातील लहान प्रवासांची आखणी करतानाच त्या मोठ्या प्रवासाची सवय लावून घ्यावी. गरजेपुरते मागावे, खरे लिहावे, दुर्बळाला सामावून घ्यावे आणि सोडण्याची वेळ आली तर कुरकुर न करता सोडावे.

अल्लाह आम्हा सर्वांना चोख नियोजनाची बुद्धी, त्याच्यावरील खरा भरवसा आणि त्याचा निर्णय स्वीकारण्याचे बळ देवो. आमीन.